खुनाच्या खटल्यात वैराला किती वजन द्यावे?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. कायद्याचे शिक्षण मी घेतलेले नाही, परंतु गेली काही वर्षे एक प्रश्न मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्या गावात दोन चुलतभावांमध्ये रस्त्यालगतच्या अकरा गुंठ्यांवरून वाटणीचा दावा चालू होता. एके दिवशी पहाटे थोरल्या घरातील भाऊ शेतातल्या विहिरीजवळ मृतावस्थेत सापडला. डोक्यावर घाव होते. धाकट्या घरातील भावाला त्याच दिवशी संध्याकाळी अटक झाली. मारताना पाहणारा कोणीही नव्हता. दाव्याची कागदपत्रे, बांध कोरल्याची दोन वर्षांपूर्वीची पोलीस तक्रार, गावातील चार-पाच जणांच्या साक्षी, असा वैराचा पुरावा मात्र भरपूर होता. सत्र न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले.

माझा प्रश्न असा की, वैर इतके उघड असताना न्यायालयाला आणखी काय हवे असते? हेतू सिद्ध होऊनही माणूस सुटत असेल, तर हेतूचा पुरावा मुळात घ्यायचाच कशासाठी?

खानापूरकर

सर, आपल्या भागात वाटणीचा दावा नाही असे घर शोधावे लागेल. नुसत्या दाव्यावरून खुनी ठरवायचे झाले, तर प्रत्येक गल्लीत दोन-तीन संशयित निघतील.

खडेबाजार

मी बेळगावात फौजदारी वकिली करतो. सरांचा प्रश्न मूलभूत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 8 नुसार हेतू, पूर्वतयारी आणि घटनेच्या आधीचे व नंतरचे वर्तन या बाबी संबद्ध ठरत असत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हीच तरतूद कलम 6 मध्ये आली आहे. संबद्ध याचा अर्थ एवढाच की, तो पुरावा न्यायालयासमोर येऊ शकतो. तो पुरेसा आहे की नाही, हा पुढचा आणि पूर्णपणे वेगळा प्रश्न आहे.

विश्वासार्ह प्रत्यक्षदर्शी साक्षीदार असेल तर हेतूचे महत्त्व कमी होते, कारण मारताना पाहिलेल्या माणसाने ‘का मारले’ हेही सांगावे, अशी अपेक्षा नसते. खटला केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर उभा असेल, तेव्हा हेतू हा साखळीतील एक दुवा होतो. दुवा म्हणजे साखळी नव्हे. शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1984 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली पाच तत्त्वे प्रत्येक सत्र न्यायालय आजही समोर ठेवते. प्रत्येक परिस्थिती आधी पक्केपणी सिद्ध व्हावी लागते, त्या सर्व परिस्थिती आरोपीच्या दोषाशीच जुळाव्या लागतात, त्या निर्णायक स्वरूपाच्या असाव्या लागतात, अन्य प्रत्येक शक्यता त्यांनी बाद करावी लागते, आणि आरोपीच्या निर्दोषत्वाला वाजवी जागा उरणार नाही इतकी साखळी पूर्ण असावी लागते. आता सरांच्या गावातील वैर या कसोटीवर ठेवून पाहा. ते दोषाशी जुळते, हे मान्य. परंतु ते अन्य कोणती शक्यता बाद करते? एकही नाही.

शहापूरचा विद्यार्थी

वकीलसाहेबांच्या लिखाणाला एक जोड देतो. आपण बोलताना ‘हेतू’ आणि ‘उद्देश’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरतो, परंतु फौजदारी कायद्यात त्यांचे काम वेगळे आहे. घाव घालताना जीव घ्यायचा होता का, हा उद्देशाचा प्रश्न आहे, आणि तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मधील खुनाच्या व्याख्येतच येतो. जीव का घ्यायचा होता, हा हेतूचा प्रश्न आहे, आणि तो त्या व्याख्येत कोठेही नाही. त्यामुळे हेतू सिद्ध न होताही शिक्षा होऊ शकते, उद्देश किंवा त्या कलमात सांगितलेली जाणीव सिद्ध झाल्याविना मात्र खुनाबद्दल होऊ शकत नाही.

निपाणीची लेक

मी कायदा शिकलेली नाही आणि हे लिहिणे मला सोपे जात नाही. माझ्या धाकट्या भावाचा खून झाला. ज्याच्यावर खटला चालला, तो आमच्या ओळखीचाच माणूस होता. उलटतपासणीत मला विचारले गेले की, या माणसाचे तुमच्या भावाशी काय भांडण होते? मला माहीत नव्हते, म्हणून मी माहीत नाही असे खरे सांगितले. तो सुटला. निकालात जी कारणे दिली होती, त्यांत हेतू सिद्ध झाला नाही हेही एक होते.

आज इथे वाचते आहे की, वैर सिद्ध झाले तरी ते पुरेसे नसते. आमच्याकडे तर वैर सिद्ध झाले नाही म्हणून आम्ही हरलो. ज्याच्या मनात कारण होते तो ते सांगणार नाही, आणि ज्याला ते माहीत होते तो राहिला नाही. मग घरच्यांनी ते आणायचे कोठून?

खडेबाजार

अक्का, तुमच्या दुःखापुढे कलमांची भाषा उणी आहे हे मला कळते. तरीही तुमचा प्रश्न न्यायालयांनाही पडलेला आहे, म्हणून उत्तर देतो. हेतू माणसाच्या मनात बंद असतो आणि तो सिद्ध न होणे म्हणजे तो नव्हताच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे. बाकी साखळी पक्की असेल तर हेतू न सापडताही दोषसिद्धी टिकते. परंतु सुरिंदर पाल जैन (1993) आणि तरसेम कुमार (1994) या निकालांपासून दुसरी बाजूही स्पष्ट आहे की, केवळ परिस्थितिजन्य पुरावा असताना हेतूचा अभाव ही आरोपीच्या बाजूने जाणारी बाब ठरते आणि न्यायालयाने उरलेला प्रत्येक दुवा अधिक बारकाईने तपासावा लागतो. 2020 च्या अन्वर अली निकालातही हीच भूमिका आहे. तुमच्या भावाच्या खटल्यातील इतर दुवे कसे होते हे मला ठाऊक नाही, त्यामुळे त्या निकालाबद्दल मी काही बोलणार नाही. एवढेच सांगतो की, ‘माहीत नाही’ या तुमच्या खऱ्या उत्तराने तुम्ही खटला घालवला, असे मनात धरू नका. त्या दिवशी एखादे भांडण रचून सांगितले असते, तर उलटतपासणीत ते टिकले नसते आणि तुमची बाकीची खरी साक्षही त्याच्याबरोबर गेली असती.

माजी हवालदार

तीस वर्षे पोलीस खात्यात काढली, त्यातली बरीचशी चिकोडी आणि रायबाग भागात. तपासात हेतूचे काय होते ते सांगतो, कारण न्यायालयात पोचेपर्यंत ते दिसेनासे झालेले असते.

प्रेत सापडले की गावकऱ्यांना पहिला प्रश्न विचारला जातो, ‘याचे कोणाशी वाकडे होते?’ दहा जण एकच नाव सांगतात. तो माणूस संध्याकाळपर्यंत ठाण्यात येऊन बसतो. त्यानंतर सगळा तपास त्याच्याभोवती होतो. त्याच्या घराची झडती होते, त्याचे कपडे जप्त होतात, त्याचा कोयता प्रयोगशाळेत जातो. दुसऱ्या कोणाचा कोयता जात नाही. म्हणजे वैराने आधी माणूस निवडला, आणि मग पुरावा गोळा झाला तो त्या माणसापुरताच. न्यायालयासमोर मात्र असे चित्र उभे राहते की, इतका सगळा पुरावा एकाच माणसाकडे बोट दाखवतो आहे. सर, तुमच्या गावात त्याच दिवशी संध्याकाळी अटक झाली, हे वाचले तेव्हाच मला शंका आली. पहाटे प्रेत सापडल्यापासून संध्याकाळपर्यंत आणखी कोणाकोणाकडे चौकशी झाली होती, ते एकदा पाहा.

पुण्यातला बेळगावकर

सर्वांचे म्हणणे पटते, तरी हेतूवर संपूर्ण खटला तोलला गेल्याचे उदाहरण आहेच. अनंत चिंतामण लागू या पुण्याच्या डॉक्टरांचा खटला जुन्या पिढीला आठवत असेल. नोव्हेंबर 1956 मध्ये ते त्यांच्याकडे उपचार घेणाऱ्या एका श्रीमंत विधवा बाईंना रात्रीच्या गाडीने मुंबईला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे बाई बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोचल्या आणि त्याच सकाळी वारल्या. शवविच्छेदनात विष सापडले नाही. पाहणारा कोणी नाही, विष नाही, आणि तरीही सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने फाशी कायम केली. मग तिथे संपत्तीचा लोभ हाच पुरावा ठरला ना?

टिळकवाडी

नाही, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. लागू खटल्यात लोभ एकटा नव्हता. रुग्णालयात त्यांनी बाईंची ओळख अपुरी आणि दिशाभूल करणारी दिली, मृत्यूनंतर आप्तांना कळवले नाही, प्रेत बेवारस राहू दिले, आणि पुढे बाई हयात असल्याचे भासवणाऱ्या खोट्या पत्रांच्या आणि सह्यांच्या आधारे त्यांची मालमत्ता हळूहळू आपल्याकडे वळवली. लोभाने कारण पुरवले, परंतु दोषाकडे नेले ते वर्तनाने. त्यातही तीनपैकी एका न्यायमूर्तींना ते पुरेसे वाटले नव्हते.

याच्या शेजारी सारडा खटला ठेवा, तोही पुण्याचाच. 1982 मध्ये लग्नाला काही महिने झालेली तरुणी सायनाईडने गेली. तिने माहेरी लिहिलेल्या पत्रांतून तिचे दुःख दिसत होते, पतीच्या अन्य संबंधांचा आरोप होता, म्हणजे हेतूही मांडला गेला होता. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. ज्या पत्रांतून पतीचा हेतू दिसत होता, त्याच पत्रांतून तिची खचलेली मनःस्थितीही दिसत होती, आणि त्यामुळे आत्महत्येची शक्यता बाद होत नव्हती. कागद एकच आणि अर्थ दोन निघत असतील, तर कायद्याने आरोपीला अनुकूल अर्थ धरायचा असतो.

सर, तुमच्या गावच्या बाबतीत मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बांध कोरल्याची ती तक्रार कोणी कोणाविरुद्ध दिली होती? आणि वाटणीचा दावा कोणी लावला होता?

मलप्रभाकाठ

तक्रार मृत भावाने दिली होती, धाकट्याविरुद्ध. दावा धाकट्याने लावला होता आणि तो पुराव्याच्या टप्प्यावर आला होता. कोयता धाकट्याच्या गोठ्यातून जप्त झाला. गोठ्याला दार नाही. पंचांपैकी एक फितूर झाला.

टिळकवाडी

मग पाहा. बांध कोरल्याचा राग कोणाला असणार? ज्याचा बांध गेला त्याला, म्हणजे जो मेला त्याला. ती तक्रार भांडण होते एवढेच सांगते, आणि तेही दोन वर्षांपूर्वीचे. मधल्या दोन वर्षांत काही घडले का, हे कोणी विचारले का?

दावा धाकट्याने लावला होता, म्हणजे त्याला न्यायालयाकडून वाटा हवा होता. प्रतिवादी मेल्याने वाटणीचा दावा संपत नाही. त्याचे वारस दाव्यात दाखल होतात आणि दावा पुढे चालतो. तेव्हा या खुनाने धाकट्याला एक गुंठाही मिळणार नव्हता, उलट स्वतःचा दावा चालवायला तो बाहेरही राहणार नव्हता. माणूस रागाच्या भरात फायदा-तोटा पाहत नाही हे मला मान्य आहे. परंतु मग सरकारी पक्षाने जमिनीचा हेतू सांगू नये, रागाचा सांगावा, आणि त्या रात्री राग येण्यासारखे काय घडले ते सिद्ध करावे. ‘जमिनीवरून वैर होते’ असे ढोबळ म्हटले की, या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात एकही सिद्ध झालेली नसते.

शहापूरचा विद्यार्थी

राग आणि हेतू यांच्या संदर्भात नानावटी खटला आठवला. 1959 मध्ये त्या नौदल अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. हेतूबद्दल वाद नव्हता. वादाचा एक मुख्य मुद्दा हा होता की, तोच हेतू ‘गंभीर व अकस्मात चिथावणी’ ठरून गुन्हा सौम्य करतो का. पत्नीने कबुली दिल्यापासून गोळीबारापर्यंत सुमारे तीन तास गेले होते, आणि त्या मधल्या वेळात त्यांनी जहाजावर जाऊन पिस्तूल घेतले. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये चिथावणीचा बचाव नाकारला. जे कारण आरोपीला गुन्ह्याशी जोडते, तेच त्याच्या बचावालाही येऊ शकते, म्हणून वेळेचा हिशेब महत्त्वाचा. टिळकवाडीताईंनी दोन वर्षांबद्दल विचारले, ते याच कारणाने योग्य आहे.

खानापूरकर

आणि वैर दुधारी असते हेही लिहा. ज्या वैरापोटी माणूस मारू शकतो, त्याच वैरापोटी मृताच्या घरचे त्याला गोवूही शकतात. आमच्याकडे दोन्ही झालेले आहे.

निपाणीची लेक

गोवणाऱ्यांची आठवण सर्वांना असते. गोवू न पाहणाऱ्यांचे काय होते, तेही कधी कोणी लिहावे.

खडेबाजार

अक्का, तुमचे म्हणणे रास्त आहे, आणि मी ते लक्षात ठेवीन.

सरांना आता वेगळ्या अंगाने विचारतो, कारण बेळगावच्या न्यायालयांत हा प्रश्न मला वारंवार भेटतो. वैराबद्दल साक्षीदारांनी नेमके कोणते शब्द उच्चारले होते? हेतूची साक्ष बहुतेक वेळा तीन प्रकारे कोसळते. पहिला प्रकार ऐकीव माहितीचा: ‘गावात सर्वांना ठाऊक होते’ हे न्यायालयात चालत नाही, कारण साक्षीदाराने स्वतः पाहिलेले किंवा ऐकलेले सांगायचे असते. दुसरा, पोलिसांपुढच्या जबाबात नसलेले भांडण न्यायालयात प्रथमच सांगणे. धमकीचा संदेश मोबाइलवर असेल आणि मूळ फोनऐवजी त्याची नक्कल दाखल केली, तर त्याचे रीतसर प्रमाणपत्र लागते, हे 2020 च्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालाने पक्के झाले आहे, आणि तिथेही अनेक खटले अडखळतात.

तिसरा प्रकार आपल्या सीमाभागाचा आहे. साक्षीदार मराठीत बोलतो, न्यायाधीश लेखनिकाला कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत मजकूर सांगतात, आणि नोंद होते ती त्या भाषेत. नोंदलेली साक्ष साक्षीदाराला समजेल अशा भाषेत समजावून सांगावी, असे कायदा सांगतो, आणि ते केलेही जाते. परंतु हेतूचा पुरावा हा छटांचा पुरावा असतो. ‘त्यांचे पटत नव्हते’, ‘अबोला होता’, ‘राग होता’, ‘वैर होते’ या चार वाक्यांत चार वेगळी नाती आहेत. भाषांतरात ती एकाच शब्दाखाली येतात, आणि तो शब्द बहुधा चारांतला सर्वांत जहाल असतो. घाव किती खोल होता हे सेंटिमीटरमध्ये लिहिता येते. राग किती खोल होता हे साक्षीदाराच्या शब्दावरूनच ठरवावे लागते, आणि तो शब्दच बदललेला असतो.

टिळकवाडी

माझी आई कन्नड आणि वडील मराठी, त्यामुळे हे घरातच अनुभवले आहे. दोन्हींकडे असलेले संस्कृत शब्द सर्वांत फसवे असतात, कारण ऐकताना ते ओळखीचे वाटतात. ‘वैषम्य’ घ्या. मराठीत एखाद्या गोष्टीचे वैषम्य वाटणे म्हणजे मनाला लागणे, वाईट वाटणे. कन्नडमध्ये वैषम्य म्हणजे सरळ वैर. कन्नड वृत्तपत्रांत खुनाच्या बातमीत ‘जुन्या वैषम्यातून’ असे नेहमी छापून येते.

माजी हवालदार

अगदी खरे. आमच्या दोषारोपपत्रांतही तोच शब्द असायचा. तो मराठीत इतका सौम्य आहे, हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते.

मलप्रभाकाठ

टिळकवाडीताईंचे उत्तर वाचल्यावर मी दोन दिवस काही लिहिले नाही. खटल्याच्या कागदांच्या नकला माझ्याकडे होत्या. त्या काढून वाचल्या. कन्नड मला वाचता येते, पण ती साक्ष मी त्या दिवसानंतर कधी पाहिली नव्हती.

मी पहिल्या पोस्टमध्ये एक गोष्ट सांगितली नाही. ज्या चार-पाच साक्षीदारांचा मी उल्लेख केला, त्यांपैकी एक मी होतो. दोघेही भाऊ माझे विद्यार्थी. सरकारी वकिलांनी विचारले तेव्हा मी म्हणालो होतो की, रस्त्याकडेची जमीन थोरल्या घराकडे गेल्याचे धाकट्याला वैषम्य वाटत होते. मला म्हणायचे होते की, त्याच्या मनाला ते लागले होते. नोंद झाली आहे ती अशी की, त्याच्या मनात मृताविषयी वैषम्य होते. साक्ष मला वाचून दाखवली गेली होती. माझाच शब्द माझ्या कानावर पडला, म्हणून मी मान हलवली आणि सही केली. वाचून दाखवणाऱ्यांचा यात काही दोष नाही. शब्द खरोखरच माझा होता.

उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांनी मला विचारले होते की, त्या वर्षीच्या महालक्ष्मी यात्रेत हे दोघे एका पंगतीला जेवायला बसले होते का. मी हो म्हणालो, कारण ते खरे होते. खुनाच्या सुमारे महिनाभर आधीची ती गोष्ट. मला तो प्रश्न अगदी किरकोळ वाटला होता. निकालपत्रात न्यायाधीशांनी माझ्या वैषम्याला चार ओळी दिल्या आहेत आणि त्या पंगतीला दीड पान. महिनाभरापूर्वी एका पंगतीत जेवलेल्या माणसांच्या बाबतीत दोन वर्षांपूर्वीच्या तक्रारीवरून खुनाचे वैर गृहीत धरता येणार नाही, आणि हेतू धरला तरी उघड्या गोठ्यातल्या कोयत्यापलीकडे त्याला जोडणारे काहीच नाही, असे त्यात लिहिले आहे.

मी तोच निकाल इतकी वर्षे चुकीचा मानत आलो. हवालदारसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे चौकशीची नावेही पाहिली. त्या दिवशी जबाब झाले ते सगळे धाकट्याविषयी. विहिरीवर त्या रात्री पाण्याची पाळी कोणाची होती, हे कागदांत कोठेच नाही.

माजी हवालदार

पाण्याची पाळी पहिल्या दिवशीच विचारायला हवी होती. आता ते सांगणारेही फार राहिले नसतील.

निपाणीची लेक

सर, तुम्ही हे इथे लिहिलेत, त्याबद्दल आभार. तो धाकटा भाऊ आता गावातच असतो का?

मलप्रभाकाठ

असतो. वाटणीचा दावा अजून चालू आहे. मृताच्या जागी त्याचा मुलगा प्रतिवादी म्हणून दाखल झाला आहे. अकरा गुंठ्यांत दोन्हीकडून कोणी नांगर घालत नाही. येत्या शनिवारी साक्षीची नकल घेऊन मी धाकट्याकडे जाणार आहे. तो शब्द मी कोणत्या अर्थाने वापरला होता, हे त्याला माझ्या तोंडून कळायला हवे.